ओंडक्याची किंमत

राजाजीनगरातील आमच्या घराची चौकट वाळवीने पोखरली आणि ती बदलणे भाग पडले. सुताराने दोन पर्याय पुढे ठेवले: आवाक्याबाहेरचे बर्मा सागवान किंवा ‘मलेशियन साल’. बंगळूरच्या वखारींत या नावाने मिळणारे लाकूड आपल्या सालवृक्षाच्याच कुळातले आहे. पश्चिम घाट इतका जवळ असताना चौकटीचे लाकूड समुद्रापलीकडून का यावे, हा प्रश्न अर्थशास्त्राच्या जुन्या विद्यार्थ्याला स्वस्थ बसू देईना.

बोर्निओ बेटाचा बहुतेक सारा भाग मलेशिया आणि इंडोनेशिया या दोन देशांत विभागलेला आहे. १९७० च्या दशकात दोघेही ओंडके जसेच्या तसे, प्रामुख्याने जपानला, विकत असत. पुढे वाटा वेगळ्या झाल्या. इंडोनेशियाने १९८० पासून ही निर्यात आवळत नेली आणि १९८५ मध्ये तिच्यावर पूर्ण बंदी घातली. रोजगार व मूल्यवृद्धी देशातच राहावी, हा त्यामागील हेतू होता. काही वर्षांतच तो देश जगातील सर्वांत मोठा प्लायवुड निर्यातदार बनला. मलेशियात वने हा राज्यांचा विषय आहे. तेथे द्वीपकल्पीय भागात १९८५ मध्ये बंदी आली, साबाहने १९९३ मध्ये ती घातली. सारवाक मात्र ओंडके विकतच राहिले आणि पुढे भारत त्याचा मोठा ग्राहक झाला.

वरवर पाहता इंडोनेशियाने बाजी मारली असे वाटेल. परंतु परदेशी मागणी तोडल्यामुळे देशातील ओंडक्यांचा भाव जागतिक भावाखाली राहिला. गिरण्यांना मिळालेले हे छुपे अनुदानच होते. स्वस्त मालाची नासाडी झाली, गिरण्यांची भूक वनांच्या वाढीपलीकडे गेली आणि बेकायदा तोड फोफावली. १९९८ मध्ये आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या अटींनुसार निर्यातीवरील निर्बंध सैल झाले. २००१ मध्ये पुन्हा बंदी आली. नियम बदलत राहिले, कुऱ्हाड थांबली नाही. बंदी न घालणाऱ्या सारवाकची नैसर्गिक वनेही विरळ झालीच. उभ्या झाडाची खरी किंमत त्याच्या मालकाने, म्हणजे शासनाने, पुरती वसूल केली नाही, हे दोहोंतील साम्य मला बंदीच्या प्रश्नाहून महत्त्वाचे वाटते.

आपणही या हिशेबाबाहेर नाही. १२ डिसेंबर १९९६ रोजी गोदावर्मन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मंजूर कार्य-आयोजनेशिवाय होणारी वृक्षतोड थांबवली. तो आदेश आवश्यकच होता. मात्र त्याच दशकात लाकडाची आयात खुली झाली होती, आणि मागणी कमी न होता केवळ तिचा पत्ता बदलला. वने राखल्याचे पुण्य आपल्या खाती, तोडीचे पाप दुसऱ्याच्या!

अमेरिकेने २००८ मध्ये लेसी कायद्यात दुरुस्ती करून बेकायदा तोडलेल्या लाकडाची आयात गुन्हा ठरवली. युरोपीय संघानेही २०१३ पासून आयातदारावर उगम तपासण्याची जबाबदारी टाकली. मोठा खरेदीदार म्हणून भारतानेही तसेच बंधन घालावे. लाकूड थोडे महागेल हे खरे. पण आजचा स्वस्तपणा कोणीतरी दुसरा भरतो आहे.

आमच्या घराला शेवटी मलेशियन सालचीच चौकट बसली. वखारीच्या पावतीवर घनफूट होते, दर होता, करही होता. झाड कोठले, याला रकाना नव्हता.