झोपेची चोरी



ब्राह्ममुहूर्तावर उठा म्हणजे आरोग्य लाभेल, हा उपदेश आपण पिढ्यान् पिढ्या ऐकत आलों. उपदेश करणारांस आमचा एकच सवाल आहे. ज्याला मध्यरात्रीं पंप चालू करून उजाडेपर्यंत उसाला दारें धरावीं लागतात, त्यानें निजावें केव्हां?

शेतीच्या पंपांना वीज पाळीनें मिळते. रात्रीची पाळी आली कीं पाय चिखलांत, हातांत बॅटरी, बांधावर साप. जुन्नर-शिरूरकडे वर बिबट्याची धास्ती. उजाडल्यावर गुरें, धारा, बाजार आहेतच. ऊसतोडीच्या बाया पहांटे तीन-चारलाच चुलीशीं बसतात. इचलकरंजी, मालेगांव, भिवंडी येथील यंत्रमाग बारा-बारा तासांच्या पाळ्यांनीं रात्रंदिवस खडखडतात. आणि बंगल्यांत पंख्याखालीं निजणारे म्हणतात, "भुकेला कोंडा नि निजेला धोंडा, कष्टकऱ्याला कुठेंही झोप लागते!" अहो, धोंड्यावर डोकें टेकायलाही आधीं रात्र हातीं लागावी लागते!

ही नुसती तक्रार नव्हे. माणसाच्या देहांत दिवसरात्रीचें घड्याळ असतें. तें कसें चालतें याचा उलगडा करणाऱ्या हॉल, रॉसबॅश व यंग या तीन शास्त्रज्ञांस २०१७ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. प्रौढ माणसाला रोज निदान सात तास झोप लागते. ती वर्षानुवर्षें तुटली तर रक्तदाब, मधुमेह व हृदयविकार यांचा धोका वाढतो. रात्रपाळीनें हें घड्याळच बिघडतें. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनें २००७ सालीं अशा रात्रपाळीची गणना बहुधा कर्करोग उत्पन्न करणाऱ्या कारणांत केली. मग कुणबी आजारी पडला कीं दोष कोणाचा? तर त्याच्याच तंबाखूचा, त्याच्याच अडाणीपणाचा! त्याची झोप नेली कोणी, हें मात्र कोणी पुसत नाहीं.

विश्रांति धर्मादाय मिळत नसते. मुंबईच्या गिरणी कामगारांना आठवड्याची सुटी नव्हती. सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनीं १८८४ सालीं ती मागितली, सभा भरविल्या, अर्ज केले. तेव्हां कुठें १८९० सालीं मालकांना रविवार सोडावा लागला.

आज आपली मागणी रात्रीची आहे. पिकांना दिवसां वीज मिळावी म्हणून सरकारनें २०१७ सालीं मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना काढली व २०२३ सालीं तिचा दुसरा टप्पा जाहीर केला. योजना चांगली आहे. पण कागदावरच्या उन्हानें पंप फिरत नाहीं. ज्या गांवांत अजून रात्रीचेंच पाणी धरावें लागतें, तेथें ग्रामसभेंत ठराव करा आणि आमच्या वाहिनीला दिवसां वीज कोणत्या तारखेपासून, हें लेखी मागा. यंत्रमागवाल्यांनीं आठ तासांच्या पाळीसाठीं एकजूट करावी.

जो जगाला अन्नवस्त्र पुरवितो त्याला सुखाची झोपही मिळूं नये, ही कोणत्या देवाची आज्ञा? ही माणसांची करणी आहे, आणि माणसांनींच ती मोडली पाहिजे.