बंद दाराआडच्या पाऊण तासाचा हिशेब

मा. आयुक्त,
नवी मुंबई महानगरपालिका, बेलापूर

महोदय,

दिव्यांग मुलांसाठी एखादी महापालिका स्वतःचं केंद्र चालवते, हे सर्रास दिसत नाही. वाशीच्या आपल्या ईटीसी केंद्राचं म्हणूनच कौतुक आहे आणि हे पत्र त्याच्या तक्रारीचं नाही. पण शहरातली सगळीच स्वमग्न मुलं तिथे मावणार नाहीत. बाकीची खासगी सेंटरमध्ये जातात, आणि तिथे काय चालतं हे कोणीच पाहत नाही.

घणसोलीपासून सीवूड्सपर्यंत थेरपी सेंटरच्या पाट्या दिसतात. ऑक्युपेशनल थेरपी (ओटी), स्पीच, स्पेशल एज्युकेशन, सगळं एका गाळ्यात. काही ठिकाणी निष्णात माणसं जीव ओतून काम करतात. काही ठिकाणी गुमास्ता परवाना, चार रंगीत चटया आणि छताला टांगलेला झोका एवढंच भांडवल असतं. पाटीवरून फरक कळत नाही.

माझा मुलगा बोलत नाही. तो जायचा त्या सेंटरमध्ये पालकांना आत प्रवेश नव्हता, ‘मूल डिस्टर्ब होतं’ म्हणून. आम्ही जिन्यात बसायचो. पाऊण तासाने दार उघडायचं, वहीत लिहिलेलं असायचं, ‘गुड सेशन’. तारीख बदलायची, शेरा तोच. एकदा त्याच्या दंडावर बोटांचे वळ दिसले. विचारलं तर म्हणाले, ‘आज फार हट्ट केला.’ पुढे कळलं की शिकवणाऱ्या मॅडमचा कोर्स अजून पुराच झाला नव्हता. फी मात्र पूर्ण आणि आगाऊ.

कायदा नाही असं नाही. भारतीय पुनर्वास परिषदेच्या १९९२च्या कायद्याचं कलम १३ सांगतं, की परिषदेच्या नोंदवहीत नाव नसलेल्याने स्पेशल एज्युकेटर किंवा स्पीच थेरपिस्ट म्हणून काम करू नये. केलं तर वर्षापर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हजार रुपये! आमचे एक-दोन सेशनला तेवढे जातात. पुढे २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने स्वमग्नता आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता यांना दिव्यांगत्वाच्या २१ प्रकारांत स्थान दिलं आणि दिव्यांगांसाठीच्या संस्थांना नोंदणी सक्तीची केली.

‘संस्थांची नोंदणी आमच्याकडे नाही, ते राज्याचं काम’ असं उत्तर येईल, ठाऊक आहे. पण राज्याच्या कार्यालयाला नेरुळच्या सेक्टरमधला गाळा दिसत नाही. तुम्हाला दिसतो. मालमत्ता कर थकला की तुमची नोटीस अचूक त्याच पत्त्यावर येते.

म्हणून आधी सेंटरची प्रभागवार यादी करा. थेरपिस्टचं नाव आणि नोंदणी क्रमांक दर्शनी भागात लावायला सांगा. ओटींची राज्य परिषद वेगळी आहे, तिचाही क्रमांक हवा. आई-बापाला सेशन पाहता यावं. खोलीच्या दाराला काच बसवायला किती खर्च येतो? आणि ‘गुड सेशन’ऐवजी दर तीन महिन्यांचं उद्दिष्ट लेखी मिळावं: शर्टाचं वरचं बटण स्वतः लावेल, पाणी हवं असेल तर चित्राकडे बोट दाखवेल. ते झालं की नाही, हे आम्हालाही घरी पडताळता येतं.

तपासायला माणसं ईटीसीत आहेत. दिव्यांगांसाठी राखून ठेवायचा ५ टक्के निधीही आहे.

मात्र टाळं ठोकत सुटू नका. एक सेंटर बंद झालं की तिथली मुलं दुसऱ्या दिवशी घरी बसतात, आणि दुसरीकडे जागा मिळेपर्यंत शिकलेलं निम्मं विसरतात. त्रुटी दाखवा, मुदत द्या, पुन्हा जा. मारहाणीला मात्र मुदत नको.

पहिली यादी येत्या जूनमध्ये, शाळा सुरू होताना, महापालिकेच्या संकेतस्थळावर लागू शकते. आणि तपासणी कोणत्या दिवशी आहे, हे सेंटरला आधी कळवू नका.

आपली,
नेरुळची एक पालक