हिरवं पेट्रोल आणि आमचं सोयाबीन



शिवारात आज सांगण्यासारखं फार नाही. तूर फुलात आहे, आभाळ आलंय, शेंगा पोखरणाऱ्या अळीवर नजर ठेवा. आज बोलायचंय ते पंपावरच्या ‘ई-२०’ विषयी. म्हणजे पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल. हे आधी २०३० पर्यंत करायचं ठरलं होतं, ते अलीकडं ओढून २०२५ वर आणलं. देशाची हवा सुधारणार, एक लाख कोटींच्या वर परकीय चलन वाचलं, शेतकरी ऊर्जादाता झाला, असं सरकार सांगतं.

त्यातलं काही खोटं आहे असं मी म्हणत नाही. कारखान्याच्या हातात इथेनॉलचा पैसा आला की उसाची बिलं लवकर निघतात, हे मी बघितलंय. मळीपासून इथेनॉल काढायलाही माझी ना नाही. माझं भांडण हिशोबाशी आहे. जमेची बाजू पंपावर धरतात आणि खर्च आमच्या शिवारात टाकतात. तो कुठल्याच वहीत येत नाही.

पाण्याचं घ्या. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच लिहिलंय, उसाच्या साखरेपासून एक लिटर इथेनॉल करायला साधारण २,८६० लिटर पाणी लागतं. आता ३५ लिटरची टाकी फुल केली तर त्यात इथेनॉल ७ लिटर. ते उसाचं असेल तर पाणी झालं २०,००० लिटर. आपल्या गावात उन्हाळ्यात येतो तो टँकर १०-१२ हजार लिटरचा. म्हणजे एका गाडीच्या एका टाकीत जवळजवळ दोन टँकर! आणि हे कुठं? तर मांजरा खोऱ्यात, जिथं २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. तुटीच्या खोऱ्यात उसाला आवर घाला, हे चितळे आयोगानं १९९९ मध्येच सांगून ठेवलंय. अहवाल कपाटात, ऊस रानात.

यावर म्हणतील, आता निम्म्याहून जास्त इथेनॉल धान्याचं आहे, मक्याचं, तांदळाचं. बरं. मक्याला भाव आला, मका लावणाऱ्याचं भलं झालं. पण मक्यातली पिठूळ बाजू इथेनॉलला गेली की मागं प्रथिनाचा चोथा उरतो. त्याला डीडीजीएस म्हणतात. तो स्वस्तात कोंबड्यांच्या खाद्यात जातो. त्या जागी आधी काय जात होतं? आपल्या सोयाबीनची पेंड. सोयाबीनमध्ये तेल १८ टक्क्यांच्या आसपास, बाकी बहुतेक पेंडच. पेंडीला गिऱ्हाईक नसेल तर सोयाबीनला भाव कुठून येणार? सगळा दोष चोथ्याचा नाही. बाहेरचं तेल आहे, ब्राझीलचं पीक आहे. पण ते आधीही होतं, हे ओझं नवीन आहे. २०२४ ला हमीभाव ४,८९२ होता. माझं सोयाबीन आडतीवर ४,१०० नं गेलं. क्विंटलमागं ७९२ रुपये. हवा शहराची सुधारली, पावती माझ्या नावावर फाटली.

मग शहाणी माणसं विचारतात, शेतकरी ऊस सोडत का नाही? आळशी पीक आहे, पाणी पितं, कळत नाही का त्याला? अहो, कळतं की! उसाची एफआरपी कायद्यानं बांधलेली आहे, १४ दिवसांत द्यायची. उशीर होतो, पण बुडत सहसा नाही. तुरीचा, ज्वारीचा, करडईचा हमीभाव छापून येतो, पण व्यापाऱ्यानं त्याच्या खाली घेतलं तर कुणी त्याला विचारत नाही. सरकारी केंद्रावर गेलं तर ओलावा, बारदाना, नोंदणी, रांग. पोरीचं लग्न असलेला माणूस काय लावील? माझ्याकडंही विहिरीखाली एकरभर ऊस आहे आणि त्याचं कारण हेच आहे. पाण्याचा लोभ मला नाही, ज्या पिकाला पैशाची हमी आहे ते मी लावतो.

आणि धोरण तरी एका जागी राहतं का? २०२३ ला पाऊस कमी झाला, साखर महागेल अशी भीती वाटली, लगेच डिसेंबरात उसाच्या रसापासूनच्या इथेनॉलवर बंदी. कारखान्यांनी कर्ज काढून प्लँट उभे केले होते. पुढच्या ऑगस्टात बंदी उठली. पंधरा महिने जमीन अडवणारं पीक लावणाऱ्यानं यातून काय शिकायचं?

हरियाणात २०२० पासून योजना आहे, ‘मेरा पानी मेरी विरासत’. भात सोडून दुसरं पीक घेतलं की एकरी ७,००० रुपये मिळायला लागले. म्हणजे जमिनीत राहिलेल्या पाण्याला तिथल्या सरकारनं भाव दिला. मग मांजरा, सीना खोऱ्यातल्या माणसानं ऊस मोडून तूर-ज्वारी घेतली तर त्याला का नाही? पैसा नाही म्हणू नका. परकीय चलन म्हणजे तिजोरीतली रोकड नव्हे, एवढं दहावी पास माणसाला कळतं. पण लाख कोटी वाचले असं तुम्हीच म्हणता. त्यात रुपयाला एक पैसा धरला तरी १,००० कोटी होतात. एकरी ७,००० नं १४ लाख एकर.

आणि ते पैसे १४ दिवसांत नकोत. हंगाम संपेपर्यंत दिले तरी चालतील.