नडगी दुखतेय? मग या रविवारी पळू नका

अकोल्यापासून जामखेडपर्यंत आणि कोपरगावपासून श्रीगोंद्यापर्यंत, पोलीस आणि सैन्य भरतीसाठी पळणाऱ्या आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या सगळ्या मुलामुलींना ही कळकळीची विनंती आहे. त्यांच्या आईवडिलांना, अकॅडमी चालवणाऱ्या सरांना आणि स्पर्धा भरवणाऱ्या मंडळांनाही आहे. नडगी दुखत असेल, मांडीचा स्नायू ओढला असेल, घोटा सुजला असेल, तर येत्या रविवारची शर्यत सोडा. फी भरलेली असली तरी सोडा. मित्र नावं ठेवतील म्हणून पळू नका.

जिजाऊ जयंतीपासून शिवजयंतीपर्यंत, म्हणजे 12 जानेवारी ते 19 फेब्रुवारी, गावोगाव खुल्या धावस्पर्धांची रेलचेल असते. चौकात फ्लेक्स लागतो, पहिल्या तिघांना रोख बक्षीस, बाकीच्यांना मेडल. उपक्रम चांगला आहे, त्याला कुणाचा विरोध असायचं कारण नाही. पण त्या घोळक्यात बरीच पोरं भरतीची असतात. आठवडाभर दोन्ही वेळची प्रॅक्टिस, तीही डांबरी रस्त्यावर, ऊस भरलेल्या ट्रॅक्टरना चुकवत, आणि रविवारी पुन्हा स्पर्धा. शरीराला भरून निघायला एक दिवससुद्धा मिळत नाही.

पहाटे नगरच्या वाडिया पार्क मैदानावर थोडा वेळ उभं राहा. एखादा मुलगा कडेला बसून ट्रॅकपँट गुडघ्यापर्यंत सरकवतो. नडगीवर स्प्रे मारतो, क्रेप बँडेज घट्ट गुंडाळतो, खिशातल्या पाकिटातली गोळी पाण्याशिवायच गिळतो. मग पँट खाली ओढतो, सरांना बँडेज दिसू नये म्हणून, आणि रांगेत जाऊन उभा राहतो. विचारलं तर म्हणतो, ‘काही नाही सर, शिन पेन आहे. अंग गरम झालं की जातं.’ मला या वाक्याची सगळ्यात जास्त भीती वाटते.

कारण सुरुवातीला ते खरंच जातं. हाड ही जिवंत गोष्ट आहे. पळण्याचा ताण पडला की शरीर जुनं हाड थोडं थोडं काढतं आणि त्या जागी नवं, जास्त मजबूत हाड बसवतं. काढण्याचं काम लवकर होतं, बसवायला वेळ लागतो. आपण स्लॅब टाकल्यावर पाणी मारत थांबतो, ओल्या स्लॅबवर विटांचे ढीग रचत नाही. पायाच्या बाबतीत मात्र तेच करतो. आधी नडगीच्या आतल्या कडेला वीतभर पट्टा दुखतो. या टप्प्यावर थांबलात तर बहुतेकांना दोन-चार आठवड्यांत आराम पडतो. नाही थांबलात तर दुखणं एका जागी गोळा होतं, बोटाने दाखवता येईल इतकं. मग चालतानाही कळ येते, रात्री ठणकतं. ही हाडाला पडलेल्या बारीक चिरेची लक्षणं आहेत. ती भरायला साधारण सहा ते आठ आठवडे लागतात, आणि चीर नडगीच्या पुढच्या बाजूला असेल तर काही महिने. दर पावलाला शरीराच्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट भार पायावर येतो. चिरेवर तसंच पळत राहिलं तर हाड पूर्ण मोडू शकतं.

इथे एक गोष्ट फार जणांना फसवते. एक्स-रे काढला, त्यात काही दिसलं नाही, म्हणून पोरगा दुसऱ्या दिवशी मैदानावर हजर. अशी बारीक चीर पहिले दोन-तीन आठवडे एक्स-रेत बऱ्याचदा दिसतच नाही, ती एमआरआयमध्ये दिसते. म्हणून एक्स-रे नॉर्मल असला आणि एका जागची कळ कायम असली तर पळू नका, डॉक्टरांना पुन्हा दाखवा. अस्थिरोगतज्ज्ञ जिल्हा रुग्णालयात भेटतात. लोणीला आणि विळद घाटात फिजिओथेरपीची महाविद्यालयं आहेत.

आणि ती गोळी. डायक्लोफेनॅकसारख्या पेनकिलरने कळ दबते, चीर भरत नाही. उपाशीपोटी, घाम गाळत, पाणी न पिता ती रोज घेतली तर जठराला जखमा होतात आणि मूत्रपिंडालाही इजा होऊ शकते. गोळी घेऊनच पळता येत असेल तर त्या दिवशी पळायचं नाही, एवढा नियम करा. ताप आहे, जुलाब लागलेत, छातीत दुखतंय, तरीही पळायचं नाही. 2024 च्या पोलीस भरतीत पळताना कोसळलेली पोरं राज्याने गमावली आहेत.

थांबल्याने माणूस मागे पडत नाही, याचा दाखला आपल्या शेजारीच आहे. अविनाश साबळे बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातला, मांडव्याचा. नगरच्या हद्दीला लागूनचा तालुका, तोच दुष्काळी पट्टा. आईवडील वीटभट्टीवर राबले, पोरगा बारावीनंतर महार रेजिमेंटमध्ये भरती झाला. म्हणजे तोही तुमच्याच वाटेने गेलेला. 2018 मध्ये त्याचा घोटा दुखावला आणि जकार्त्याच्या आशियाई स्पर्धेत त्याला जाता आलं नाही. फौजेतल्या तरुण खेळाडूसाठी ही केवढी मोठी गोष्ट असेल, विचार करा. ती स्पर्धा सप्टेंबरच्या सुरुवातीला संपली. त्याच महिन्याच्या अखेरीस भुवनेश्वरच्या राष्ट्रीय खुल्या स्पर्धेत अविनाशने 3000 मीटर स्टीपलचेस 8 मिनिटं 29.80 सेकंदांत पूर्ण केली आणि गोपाल सैनी यांचा 1981 पासूनचा राष्ट्रीय विक्रम मोडला. पुढे 2022 मध्ये बर्मिंगहॅमला राष्ट्रकुलचं रौप्य, 2023 मध्ये हांगझोऊला आशियाई सुवर्ण, 2024 मध्ये पॅरिस ऑलिंपिकची अंतिम फेरी. आशियाई स्पर्धा हुकलेला मुलगा पाच वर्षांनी त्याच स्पर्धेतलं सुवर्ण घेऊन आला.

जुलै 2025 मध्ये मोनॅकोच्या डायमंड लीगमध्ये तो पाण्याच्या अडथळ्यावर पडला. गुडघ्यातला अस्थिबंध फाटला, मुंबईत शस्त्रक्रिया झाली. सप्टेंबरमध्ये टोकियोला जागतिक स्पर्धा होती आणि तो तिला पात्रही ठरलेला होता. तो गेला नाही. टोकियो सोडणाऱ्याच्या शेजारच्या तालुक्यातल्या पोराला गावातली पाच किलोमीटरची शर्यत सोडता येऊ नये?

नीरज चोप्राने 2022 मध्ये जांघेच्या दुखापतीमुळे राष्ट्रकुल स्पर्धा सोडली. तिथला तो गतविजेता होता. महिन्याभरात तो लोझानला डायमंड लीग जिंकून मोकळा झाला. आपल्या श्रीरामपूरचा जहीर खान 2011 मध्ये लॉर्ड्स कसोटीच्या पहिल्याच दिवशी मांडीचा मागचा स्नायू दुखावल्यावर मैदानाबाहेर गेला आणि डिसेंबरमध्ये मेलबर्नला भारताकडून पुन्हा गोलंदाजी करत होता. भरतीच्या 100 मीटरमध्ये हाच स्नायू जातो. तो ओढला गेल्यावर ‘एक स्प्रिंट मारून बघू’ म्हणू नका.

स्टॅमिना जाईल ही भीती मला समजते. पण आठ-दहा दिवस न पळाल्याने दम फारसा कमी होत नाही, हे नीट अभ्यासलं गेलेलं आहे. आणि थांबणं म्हणजे खाटेवर पडून राहणं नव्हे. दुखत नसेल तर सायकल मारा. पोहता येत असेल तर विहिरीत पोहा, मात्र एकट्याने उतरू नका. पोलीस भरतीत मैदानाचे 50 गुण आहेत. त्यातले 20 मुलांच्या 1600 मीटरला आणि मुलींच्या 800 मीटरला, 15 गोळाफेकीला आणि 15 शंभर मीटरला. लेखी परीक्षा 100 गुणांची आहे. पाय बरा होईपर्यंत गणित आणि बुद्धिमत्ता पक्की करणारा मुलगा यादीत वर येतो, हे अकॅडमीतल्या सरांना माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. परतताना आधी न दुखता अर्धा तास चालता आलं पाहिजे. मग मातीवर थोडं चालणं, थोडं पळणं. वेग सगळ्यात शेवटी.

मुलींशी थोडं वेगळं बोलायचं आहे. पाळी लांबली किंवा दोन-तीन महिने आलीच नाही, तर ‘बरं झालं, प्रॅक्टिसला त्रास नाही’ असं समजू नका. पळणं जास्त आणि खाणं कमी झालं की पाळी थांबते, आणि मग हाडं ठिसूळ होऊ लागतात. आईला सांगा, डॉक्टरांना दाखवा, दोन भाकरी जास्त खा. सरांनीही हा विषय लाजून टाळू नये, बोलणं अवघड जात असेल तर अकॅडमीत एखाद्या ताईंना बोलवावं.

आईवडिलांनो, उसनवारी करून तुम्ही फी भरली आहे, त्याची जाणीव पोराला आहे. म्हणूनच तो दुखणं लपवतो. सकाळी तो अंथरुणात दिसला तर ‘आज पळायला नाही गेलास?’ याच्या आधी ‘पाय कसा आहे?’ विचारा. अकॅडमीच्या सरांनो, लंगडणाऱ्याला बाजूला काढा. सगळ्यांसमोर ‘नाटकं करू नको’ म्हणू नका, तुमच्या एका शब्दावर ही पोरं मोडक्या पायाने पळतात. आणि मंडळांनो, दुखापतीमुळे नाव मागे घेणाऱ्याची फी परत द्या, निदान पुढच्या वर्षीसाठी धरा. फ्लेक्सवर बक्षिसाच्या रकमेखाली तेवढी एक ओळ छापा. सुरुवातीच्या रेषेवर माइकवरून सांगा की ज्याला दुखतंय त्याने आत्ता बाहेर यावं, त्याचं मेडल आम्ही ठेवलं आहे.

शनिवारी रात्री बूट काढून बसा. अंगठ्याने नडगीच्या आतल्या कडेवर घोट्यापासून वर दाबत या. एका जागी कळ आली तर तिथेच थांबा, उडी मारून बघू नका. कळ नसेल तर एका पायावर हलक्या दहा उड्या मारा, मग दुसऱ्या. दाबताना किंवा कुठल्याही उडीला दुखलं तर आयोजकांना त्याच रात्री फोन करून नाव काढा, रविवारी झोप पुरी करा आणि सोमवारी सकाळी मैदानाऐवजी रुग्णालयाच्या ओपीडीत जा.