वारसा रक्ताचा की प्रवेशाचा?

मोटारशर्यतीत सात वेळा जगज्जेता ठरलेल्या मायकेल शूमाकरचा पुत्र मिक याने २०१८ साली युरोपीय फॉर्म्युला थ्री आणि २०२० साली फॉर्म्युला टू ही स्पर्धा जिंकली. वेग या मुलाच्या रक्तातच आहे, असा निर्वाळा तेव्हा क्रीडारसिकांनी देऊन टाकला. वरवर निरुपद्रवी दिसणाऱ्या या वाक्यात एक संपूर्ण समाजतत्त्वज्ञान दडलेले आहे. ज्याला मिळाले तो पात्रच होता आणि ज्याला मिळाले नाही त्याच्या अंगी ते नव्हतेच, हे ते तत्त्वज्ञान होय. जन्मावरून धंदा ठरविणाऱ्या समाजाला ते ओळखीचे वाटावे, यात नवल नाही.

परंतु हा सिद्धान्त शूमाकर घराण्यापुढेच टिकत नाही. मायकेलचे वडील रोल्फ हे गवंडी होते. जर्मनीतील केर्पेन येथे कार्ट नावाच्या छोट्या शर्यती गाड्यांचे मैदान होते. तेथील काम ते पाहत आणि मायकेलची आई तेथील उपाहारगृहात राबत असे. रक्ताचाच न्याय लावायचा, तर मायकेलच्या हाती थापी यायला हवी होती. त्याच्या हाती स्टिअरिंग आले, कारण बापाच्या कामामुळे मैदान घरचे झाले आणि पुढचा खर्च स्थानिक धनिकांनी उचलला. १९९१ साली बेल्जियममध्ये जॉर्डन संघाच्या गाडीत त्याला फॉर्म्युला वनची पहिली संधी मिळाली, तीसुद्धा मर्सिडीझ कंपनीने त्या जागेचे पैसे मोजल्यावर. असामान्य प्रतिभेलाही दारावर तिकीट फाडावेच लागले.

मिकवर दोषारोप करण्याचे येथे प्रयोजन नाही. लहानपणी तो आईच्या माहेरच्या आडनावाने शर्यतीत उतरत असे. डिसेंबर २०१३ मध्ये बर्फावरील अपघातात त्याचे वडील जायबंदी झाले, तेव्हा तो अवघा १४ वर्षांचा होता. त्या दुःखाविषयी सहानुभूतीच बाळगली पाहिजे. परंतु आडनाव झाकता येते, त्यामागची पुंजी झाकता येत नाही. फॉर्म्युला वनच्या परवान्यासाठी खालच्या स्पर्धांतून तीन वर्षांत ४० गुण मिळवावे लागतात. नियम सर्वांना सारखाच आहे. मात्र त्या स्पर्धांचा अवाढव्य खर्च बहुधा चालकाच्या घरावर किंवा पुरस्कर्त्यावर पडतो. परीक्षा सर्वांना खुली, फक्त तिची फी श्रीमंतांना परवडणारी, असा हा प्रकार आहे.

२०२१ च्या हास संघाकडे पाहावे. एका गाडीत जगज्जेत्याचा मुलगा मिक होता. दुसऱ्या गाडीत निकिता माझेपिन होता. त्याच्या पित्याशी संबंधित उरलकाली ही रशियन खत कंपनी त्याच संघाची मुख्य पुरस्कर्ती होती. एका जागेमागे बापाचे नाव, तर दुसऱ्या जागेमागे बापाची थैली! मार्च २०२२ मध्ये युक्रेन युद्धानंतर थैली गेली आणि मुलगाही गेला.

यावर बाजारपेठेचे वकील म्हणतील की, दोन हंगामांत जेमतेम १२ गुण मिळविणाऱ्या मिकलाही २०२२ अखेर डच्चू मिळालाच; तेव्हा शेवटी गुणवत्ताच ठरते. हा युक्तिवाद फसवा आहे. आत शिरलेल्यांची परीक्षा होते, हे खरे. परंतु दारापर्यंत पोचूच न शकलेल्यांची गणती कोणी करीत नाही. शिवाय नापासाला पुन्हा बसण्याची मुभा सर्वांना सारखी नसते. मिकला पुढे मर्सिडीझचा राखीव चालक म्हणून, नंतर अल्पीनच्या दीर्घ पल्ल्याच्या शर्यतीत आणि २०२६ साठी अमेरिकेच्या इंडीकार मालिकेत जागा मिळाली. अनाम घरातील मुलाला पहिली संधीच दुर्लभ असते.

अपवाद म्हणून लुईस हॅमिल्टनचे नाव पुढे केले जाते. त्याच्या वडिलांनी अनेक नोकऱ्या करून त्याचे कार्टिंग चालविले आणि १९९८ साली, १३ व्या वर्षी, मॅक्लारेन संघाने त्याला हाताशी धरले. मात्र आपल्यासारख्या घरातून आज येथवर पोचणे अशक्य आहे, असे हॅमिल्टन स्वतःच सांगतो. २०२१ पासून संघांच्या वार्षिक खर्चावर १४.५ कोटी डॉलरची मर्यादा आली. मुलाच्या घडणीवर घराने किती पैसा ओतावा, याला मर्यादा नाही.

भारताची कथा वेगळी नाही. फॉर्म्युला वनमध्ये उतरलेले भारतीय दोनच: २००५ साली नरेन कार्तिकेयन आणि २०१० साली करुण चंढोक. दोघांचेही वडील रॅली शर्यतीतील नामांकित चालक! शंभर कोटींहून मोठ्या देशात वेगाचे रक्त नेमके दोन घरांतच वाहत होते, असे कोणी शहाणा मानील काय?

हा प्रश्न शर्यतीपुरता राहत नाही. कारखान्याची मालकी, वैद्यकीय महाविद्यालयातील देणगीची जागा, आमदारकीचे तिकीट या सर्वांचे समर्थन याच ‘गुणवत्ते’च्या नावाने होते. समाजवादी कार्यकर्त्याने मुलाच्या यशाचा हेवा करू नये आणि त्याच्यापुढे आरतीही ओवाळू नये. त्याने मागणी करावी ती सार्वजनिक मैदानांची, सार्वजनिक शिक्षणाची आणि वारसासंपत्तीवरील कठोर कराची. गवंड्याच्या मुलाला मैदान योगायोगाने मिळाले. ते हक्काने मिळेपर्यंत गुणवत्तेची भाषा ही वारसदारांचीच भाषा राहणार.