सुट्टीला ओटाही आला!

ब्रिस्टॉलच्या भाचीने 2024 च्या जूनमध्ये आम्हा दोघांना बोलावून घेतलं. 'मामी, आठवडाभर बोटीवर राहायचं, नुसता आराम,' म्हणाली. मला वाटलं, मोठं जहाज असेल, वाढायला माणसं असतील. पाहते तर काय, साठ फूट लांब आणि जेमतेम सात फूट रुंद बोट! आत झोपायची जागा, न्हाणीघर, पाण्याची टाकी, गॅसचं सिलिंडर आणि ओटा. म्हणजे घर काही सुटलं नाही.

ब्रॅडफर्ड-ऑन-एव्हनहून केनेट अँड एव्हन कालव्याने डिव्हायझेसकडे निघालो. वेगाची मर्यादा ताशी सहा किलोमीटरच्या आसपास. काठाने चालणाऱ्या आजीबाई हात हलवत आमच्या पुढे जायच्या. कुरणात गाई, पाण्यात बदकं, सगळं कसं निवांत. ह्यांनी सुकाणू धरलं ते सोडेनात. आणि मी? चहा, पोहे, पोळ्या. इंग्लंड बघितलं ते खिडकीतून, पोळी उलटता उलटता. कुणी सांगितलं नव्हतं हो, माझी मीच उभी राहिले. आपली खोडच ती.

रात्री भाचीने कालव्यांची जुनी हकिगत सांगितली. एकोणिसाव्या शतकात रेल्वे आली, मालवाहतुकीचे दर पडले. नावाड्याला ना घर परवडेना ना गडी. मग बायको-मुलंच बोटीवर आली. मागच्या टोकाला दहा फुटांची खोली, त्यातच चूल आणि अंथरूण. ती बाई सुकाणू धरायची, दरवाजे ढकलायची, रांधायची, बाळंतही तिथेच व्हायची. खेपेचे पैसे मात्र नवऱ्याच्या हातात. मला आपल्याकडचा ऊसतोडीचा 'कोयता' आठवला. नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि उचल घेतो तो.

दुसऱ्या महायुद्धात पुरुष कमी पडले तेव्हा तरुण मुलींनी लंडन-बर्मिंगहॅम मालबोटी चालवल्या. त्यांच्या बिल्ल्यावर 'आय डब्ल्यू' अक्षरं होती. लोकांनी त्याचा अर्थ लावला, 'आयडल विमेन', आळशी बायका! पन्नास-पन्नास टन माल वाहणाऱ्यांना!

मैत्रिणींनो, मला स्पष्टच वाटतं, सहलीचं ठिकाण ठरवण्याआधी ओटा कुणाचा ते ठरवावं. घरातल्या एकीची सुट्टी होत नसेल, तर ती घरादाराची सुट्टी म्हणू नये.

मी तसं सांगितलं. ह्यांचा चेहरा पडला, पण दुसऱ्या दिवशी आत गेले ते. भाचीने सुकाणू घेतलं. पुढे केन हिलची चढण होती. तीन-साडेतीन किलोमीटरात एकोणतीस लॉक, म्हणजे पाण्याचा जिनाच. बोट आत घ्यायची, मागचे दरवाजे लावायचे, किल्ली फिरवून वरचं पाणी सोडायचं, बोट हळूहळू वर येते. दरवाजाचा लाकडी दांडा पाठ लावून रेटावा लागतो. पाचव्या लॉकला पदर खोचला. जावई एका बाजूला, मी दुसऱ्या. हात भरून आले, पण चारी बाजूंनी इंग्लंड दिसत होतं!

वर पोचेपर्यंत दुपार टळली. खिचडी तळाला लागली होती.

'दुसरी टाकू का?' ह्यांनी विचारलं.

'नको, हीच खाऊ. पातेलं तेवढं भिजत घाला. आणि पाणी जपून, टाकीतलं आहे.'