पातं जुनं बरं की नवं?

एक सांगा, तुमच्या बॅगेत चाकू आहे का? दचकू नका, रामपुरीबद्दल विचारत नाहीये! ते लाल मुठीचं, पांढऱ्या क्रॉसचं, की-चेनला लटकणारं प्रकरण हो. कुणाला ऑनसाइटवरून परतलेल्या सीनियरनं दिलेलं असतं, कुणी पहिल्या बोनसमधून घेतलेलं असतं. त्यातलं ओपनर वीकएण्डला, कात्री कुरिअरचं पाकीट फोडायला, आणि ती टूथपिक... तिच्याबद्दल न बोललेलंच बरं.

गंमत सुरू होते दुसरा चाकू घेताना. काउंटरवर एकाच कंपनीचे दोन चाकू समोर येतात. एक जुन्या घाटाचा, एक नव्या. किंमतही फार वेगळी नाही. मोबाइल असता तर डोळे मिटून नवा उचलला असता. चाकूचं तसं नाही, बॉस. जुन्या मॉडेलसाठी जास्त पैसे मोजणारे लोक इथे ढिगानं सापडतात.

माझ्यापुढे हा प्रश्न वाटूरहून आला. जालन्याहून मंठ्याकडे निघालं की वाटूर फाटा लागतो, तिथून परतूरचा रस्ता फुटतो. त्या भागात माझा मामा मोसंबीची कलमं बांधतो. त्याच्या खिशात कायम एक घडीचा चाकू. लाकडी मूठ, काळवंडलेलं पातं, धार लावून लावून अर्धं झालेलं. परवा फोनवर म्हणाला, "ताई, तू पुण्यात हायेस, एखादा चांगला चाकू बघ. ह्याच्यासारखा जुन्या पद्धतीचा आन, न्हाई तर नवा आन. तूच ठरव."

"तूच ठरव" म्हटल्यावर संपलंच! मग बसले अभ्यासाला.

सुरुवात अर्थातच स्विस चाकूपासून. १८९१ मध्ये स्वित्झर्लंडच्या सैन्याला पहिला घडीचा चाकू मिळाला. गंमत म्हणजे सुरुवातीचे चाकू जर्मनीतल्या झोलिंगनमध्ये बनले होते. ते काम देशात आणलं कार्ल एल्सेनर या कारागिरानं. १९०९ मध्ये त्याची आई गेली, तिच्या नावावरून ब्रँड झाला 'व्हिक्टोरिया'. पुढे १९२१ मध्ये न गंजणारं पोलाद आलं, त्याला फ्रेंचमध्ये 'इनॉक्स' म्हणतात. दोन्ही जोडून झालं 'व्हिक्टोरिनॉक्स'. म्हणजे कंपनीच्या नावातच 'जुनं की नवं'चा निकाल लागलेला आहे!

सैनिकांच्या चाकूचं १९६१ चं मॉडेल अनेकांना आजही सगळ्यांत देखणं वाटतं. चंदेरी, खरबरीत ॲल्युमिनियमची मूठ, लांबी ९३ मिलिमीटर. आत चारच अवजारं: पातं, डबा उघडायचं, बाटली उघडायचं आणि भोक पाडायची आरी. नखानं खाच पकडून दोन हातांनी उघडायचं. २००८ मध्ये सैन्यानं नवं मॉडेल निवडलं. लांबी १११ मिलिमीटर, हिरवी-काळी पकड असलेली मूठ, एका हाताच्या अंगठ्यानं उघडणारं पातं, अर्धी धार करवतीसारखी, शिवाय लाकूड कापायची करवत. सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे उघडल्यावर पातं लॉक होतं. जुन्या मॉडेलमध्ये उलटा दाब पडला तर पातं बोटांवर मिटायची भीती, नव्यात ती बरीच कमी. पण नवं जाड आणि जड आहे. फॉर्मल पॅण्टच्या खिशात टाकलं तर आख्ख्या ऑफिसला कळेल.

म्हणजे 'नवं' ही एक गोष्ट नसतेच. त्यात तीन गोष्टी असतात: नवं लॉक, नवी अवजारं आणि नवं पोलाद. तिन्ही वेगवेगळ्या तोलायच्या. मला त्यातली तिसरी सगळ्यांत महत्त्वाची वाटते, आणि दुकानात नेमकं तिच्याबद्दलच कुणी बोलत नाही.

पोलादाचा फंडा समजायला जालनाच बरा. तिथल्या कारखान्यांत बांधकामाच्या सळया निघतात. सळईत कार्बन पाव टक्क्याच्या आसपास, कारण ती वाकली तरी चालेल, तुटून चालणार नाही. पात्याला कार्बन जास्त लागतो. जुन्या पद्धतीच्या पात्यात तो एक टक्क्याच्या जवळपास जातो. त्यानं पातं कडक होतं, बारीक धार धरतं आणि साध्या दगडावर दोन मिनिटांत पुन्हा तयार होतं. तोटा एकच, ते गंजतं. लिंबू कापून तसंच ठेवलं तर सकाळी डाग तयार. स्टेनलेसमध्ये साडेदहा टक्क्यांहून जास्त क्रोमियम असतं, त्याचा पातळ थर पात्याला गंजापासून वाचवतो. पण अशा पात्याला दगडावर जरा जास्त घासावं लागतं.

ही तुलना अगदी स्वच्छ बघायची असेल तर फ्रान्सचा 'ओपिनेल' बघा. १८९० पासूनचा, लाकडी मुठीचा, एकाच पात्याचा. १९५५ पासून त्याला पातं अडवणारी फिरती कडी आहे. तोच चाकू, तीच मूठ, आणि पातं हवं तर कार्बनचं, हवं तर स्टेनलेसचं. जुनं आणि नवं शेजारी शेजारी, बाकी सगळं सारखं.

आता मामाकडे येऊ. मला आधी वाटलं होतं, त्याला कार्बनचंच पातं द्यावं. कलम बांधणाऱ्याला वस्तऱ्यासारखी धार लागते. मोसंबीचं कलम म्हणजे 'डोळा भरणं'. रंगपूर लिंबाच्या किंवा जंबेरीच्या पेन्सिलीएवढ्या खुंटावर, जमिनीपासून वीतभर उंचीवर इंग्रजी 'टी'सारखा छेद द्यायचा, साल अलगद उचलायची, आत चांगल्या झाडाचा डोळा सरकवायचा आणि प्लॅस्टिकच्या पट्टीनं बांधायचं. छेद चिरडला की डोळा वाळला. म्हणजे धार हवीच.

पण त्याच पात्यावर दुसरी एक भानगड बसलेली असते. मोसंबी-लिंबाच्या झाडांना 'एक्सोकॉर्टिस' नावाचा रोग होतो. विषाणूहूनही लहान असा त्याचा कण चाकूवरून एका झाडाच्या रसातून दुसऱ्यात जातो. रंगपूर लिंबाचा खुंट त्याला लवकर बळी पडतो. खुंटाची साल सोलून निघते, झाड खुजं राहतं. आणि हे लक्षात येतं काही वर्षांनी! कलम लावल्यापासून पीक हाती यायला चार-पाच वर्षं जातात. २०१२-१३ च्या दुष्काळात जालना जिल्ह्यात मोसंबीच्या बागाच्या बागा वाळल्या, लोकांनी त्या पुन्हा उभ्या केल्या. अशा ठिकाणी एका चाकूनं शंभर रोपांना रोग वाटला तर नुकसान पैशांपेक्षा वर्षांचं होतं.

मग चाकू धुवायचा कशानं? स्पिरिट पुसून किंवा पातं ज्योतीवर धरून हा कण मरत नाही. लागतं घरगुती ब्लीच, एक भाग ब्लीचला नऊ भाग पाणी. एका झाडाचे डोळे काढून झाले, दुसऱ्या झाडाकडे वळायचं, की पातं त्यात बुडवायचं. आणि इथेच जुन्या पात्याची विकेट पडते. दिवसातून पन्नास वेळा ब्लीचमध्ये गेलेलं कार्बनचं पातं आठवड्यात खडबडीत होतं. स्टेनलेसही ब्लीचमध्ये ठेवून द्यायचं नाही, बुडवून पाण्यानं धुऊन पुसायचं. पण ते टिकतं.

मामाला हे सांगितलं तर म्हणाला, "मंग गंजणारा नकोच. पर त्ये करवत, कात्री, पेचकस काय करू? मला पातं लागतं फकस्त." बरोबर! तेव्हा त्याच्यासाठी निवडला साधा कलमाचा घडीचा चाकू. पातं नव्या पोलादाचं, रचना आजोबांच्या काळातली. एक सरळ पातं आणि साल उचलायला एक बोथट पट्टी. बस्स. घेताना आणखी एक गोष्ट पाहिली. कलमाच्या बऱ्याच चाकूंना धार एकाच बाजूनं असते, त्यामुळे डावखुऱ्यासाठी वेगळा चाकू लागतो. मामा उजवा, टेन्शन मिटलं. जुना चाकू त्यानं टाकलेला नाही. सुतळी कापायला तो अजून एक नंबर आहे.

आता तुमचं काय? शोकेससमोर उभं राहिलात की स्वतःला चार गोष्टी विचारा.

एक, रोज काय कापता? डब्यातलं सफरचंद आणि पाकिटं असतील तर छोटं, जुन्या घाटाचं मॉडेल पुरेसं आहे. ट्रेकला दोरी, फांद्या कापत असाल तर लॉकवालं नवं घ्या.

दोन, ओलं कापता का? फळं, मासे, पावसाळी ट्रेक असेल तर स्टेनलेस. पुसून, तेलाचं बोट लावून ठेवायची हौस असेल तर कार्बन. त्याचं पातं हळूहळू राखाडी होतं, तेही देखणं दिसतं.

तीन, किती अवजारं खरोखर वापराल? हातावर मोजा. उरलेली नुसती वजन आहेत.

चार, कुठे घेऊन जाणार? विमानात केबिन बॅगेत चाकू चालत नाही, चेक-इनमध्येच टाका, नाहीतर सिक्युरिटीच्या ट्रेमध्ये त्याला निरोप द्या. शस्त्र कायद्याखालच्या नियमांत नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याचा उल्लेख आहे. घरकाम-शेतीची अवजारं त्यातून वगळलेली आहेत. खिशातला चाकू त्या मापात येत नाही. तरी सणासुदीला, निवडणुकीत पोलिसांचे बंदी आदेश निघतात, तेव्हा चाकू घरीच बरा.

या चौथ्या प्रश्नानं तर कंपन्यांनाही घाम फोडलाय. देशोदेशी चाकूंवरचे नियम कडक होत चालले म्हणून, पातंच नसलेलं खिशातलं अवजार तयार करतोय, असं व्हिक्टोरिनॉक्सनं २०२४ मध्ये सांगितलं. सायकलस्वार, गोल्फ खेळणारे अशांसाठी. म्हणजे उद्या शोकेसमध्ये सगळ्यांत नवं मॉडेल बिनपात्याचं असू शकेल! ज्याला फक्त स्क्रू पिळायचे आहेत त्यानं ते खुशाल घ्यावं.

बाकीच्यांनी दुकानदाराला 'लेटेस्ट कोणता?' असं विचारायच्या आधी 'पोलाद कोणतं?' असं विचारून बघा. त्याला सांगता आलं, तर दुकान बरोबर निवडलंत.